दुकानाच्या नावाचा पुडा

एखादे दुकान किंवा दुकानांची साखळी जेव्हा माल दुसऱ्या उत्पादकाकडून बनवून घेते, अथवा घाऊक बाजारातून आणून, निवडून, पाकिटात भरून स्वतःच्या नावाने विकते, तेव्हा त्या मालाला व्यापाराच्या भाषेत ‘प्रायव्हेट लेबल’, म्हणजे दुकानाच्या स्वतःच्या नाममुद्रेचा माल, असे म्हणतात. डी-मार्टमधील ‘प्रीमिया’, रिलायन्सच्या दुकानांतील ‘गुड लाइफ’ आणि तालुक्याच्या गावातील किराणा दुकानदाराने स्वतःच्या नावाचे लेबल चिकटवून विकलेली पोह्यांची पिशवी ही एकाच प्रकाराची लहानमोठी उदाहरणे होत. अशा मालाच्या मागे सहसा मोठी जाहिरात मोहीम नसते, आणि नसावीही, कारण जाहिरातीचा खर्च वाचतो म्हणूनच तो माल स्वस्त देता येतो. त्यामुळे मालाविषयी जे काही सांगायचे ते बव्हंशी पाकिटालाच सांगावे लागते, आणि तेही गिऱ्हाईक फळीसमोर उभे असते तेवढ्या काही क्षणांत.

येथे दोन प्रकारच्या खरेदीत भेद करणे आवश्यक आहे. प्रसिद्ध कंपनीच्या पुड्यापेक्षा दुकानाचा पुडा दहा रुपयांनी स्वस्त म्हणून तो घेणारा ग्राहक, कंपनीने किंमत उतरवताच किंवा शेजारच्या दुकानाने आणखी स्वस्त पुडा ठेवताच तिकडे वळतो. त्याची बांधिलकी किमतीशी असते. याउलट, अमुक दुकानाचाच मसाला हवा म्हणून वाटेतली दोन दुकाने ओलांडून येणारा, पाहुण्यांसमोर तो पुडा उघडपणे काढणारा आणि परगावच्या लेकीला आठवणीने बांधून देणारा ग्राहक हा त्या मालाचा चाहता असतो. पहिला ग्राहक किमतीने मिळतो. दुसरा मिळवण्यासाठी मालाचा दर्जा तर लागतोच, परंतु त्या दर्जाला चेहरा देणारे वेष्टनही लागते, आणि तो चेहरा दुकानाचा स्वतःचा असावा लागतो. प्रसिद्ध कंपनीकडून उसना घेतलेला चेहरा विक्री करून देतो, चाहते देत नाही. गेल्या पन्नास वर्षांत निरनिराळ्या देशांतील दुकानांनी जे प्रयोग केले, त्यांतून हे पुरेसे स्पष्ट होते, आणि महाराष्ट्रातील किराणा दुकानदार, ग्राहक भांडारे, बचत गट यांना त्या प्रयोगांतून घेण्यासारखे बरेच आहे.

स्वस्त दिसणे आणि साधे असणे

फ्रान्समधील कार्फूर या साखळीने १९७६ साली सुमारे ५० जिनसा नाममुद्रेशिवाय, पांढऱ्या पाकिटांत विकायला आणल्या, आणि लवकरच युरोप-अमेरिकेतील इतर दुकानांनीही पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळ्या अक्षरांत केवळ जिनसेचे नाव छापलेली पाकिटे काढली. महागाईच्या त्या दशकात त्यांचा उपयोग झाला. परंतु अशा बहुतेक पाकिटांवर कोणाचाही हात फिरलेला दिसत नव्हता, आणि ज्या वस्तूकडे विकणाऱ्यानेच लक्ष दिलेले नाही तिच्यावर घेणाऱ्याचा जीव जडणे कठीण असते. ब्रिटनमधील टेस्कोने १९९३ साली ‘व्हॅल्यू’ नावाची स्वस्त मालिका निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या पाकिटांत आणली. ते पट्टे लांबूनच ओळखू येत, आणि नेमक्या त्याच कारणाने ते काटकसरीची जाहीर खूण होऊन बसले. टोपलीतले पट्टे शेजाऱ्याला दिसू नयेत असे वाटणारा ग्राहक त्या मालाचा चाहता कसा होणार? २०१२ साली टेस्कोने ती मालिका बंद करून तिच्या जागी सौम्य, चित्रांकित पाकिटांची नवी मालिका आणली.

दोष साधेपणाचा नव्हता, हे कॅनडातील उदाहरणावरून कळते. तेथील लोब्लॉ या साखळीने १९७८ साली ‘नो नेम’ या नावाने १६ जिनसा आणल्या. त्यांची रचना डॉन वॉट या संकल्पनकाराने केली: संपूर्ण पाकीट गडद पिवळे आणि त्यावर हेल्व्हेटिका या वळणाची ठळक काळी अक्षरे, बाकी काही नाही. घटक तेच, म्हणजे एक रंग आणि जिनसेचे नाव. परंतु पांढऱ्या पाकिटात जो संकोच होता तो येथे नव्हता. पिवळा रंग निवडण्यात एक ठाम निर्णय दिसत होता, आणि अशी वीस-पंचवीस पाकिटे फळीवर शेजारी लागली की त्यांचा एकसंध पिवळा पट्टा तयार होई, ज्याला किरकोळ व्यापारात ‘ब्लॉकिंग’, म्हणजे एकाच रूपाच्या पाकिटांचा सलग ठसा, असे म्हणतात. ही पाकिटे आजही त्याच रूपात विकली जातात आणि कॅनडाच्या लोकजीवनात त्यांना आपुलकीचे स्थान आहे. ज्या दुकानदाराकडे छपाईसाठी फारसा पैसा नाही त्याने हे उदाहरण विशेष लक्षात घ्यावे: एकच रंग आणि एकच अक्षरवळण पुरते, मात्र ते निवडलेले असावे, उरलेले नसावे.

कारण सांगणारे पाकीट

या विषयातील सर्वांत शिकण्याजोगा प्रयोग जपानमध्ये झाला. सेइयू या सुपरमार्केट साखळीने १९८० साली ‘मुजिरुशी र्‍योहिन’ या नावाची स्वतःची मालिका ४० जिनसांनिशी सुरू केली; तीच पुढे ‘मुजी’ या आटोपशीर नावाने जगभर ओळखली गेली आणि २०१६ साली मुंबईतही तिचे दुकान निघाले. संकल्पनकार इक्को तानाका आणि जाहिरात-लेखिका काझुको कोइके यांचा त्या उभारणीत मोठा वाटा होता. त्यांनी तीन गोष्टी ठरवल्या: कच्चा माल नीट निवडायचा, बनवण्याच्या प्रक्रियेतील अनावश्यक पायऱ्या गाळायच्या आणि वेष्टन साधे ठेवायचे. कागद पांढरा करण्यासाठी होणारी रासायनिक प्रक्रिया गाळली की तो फिकट तपकिरी राहतो आणि स्वस्तही पडतो. तोच तपकिरी कागद मुजीची ओळख ठरला.

मात्र खरे नावीन्य कागदात नव्हते, तर त्यावरील मजकुरात होते. बाजारात वाळवलेल्या शिताके अळिंब्या अखंड आणि देखण्या असतील तरच भाव येतो, मोडक्या बाजूला पडतात; पण स्वयंपाकात त्या चिरल्याच जातात. मुजीने मोडक्या अळिंब्या मोडक्या आहेत असे सांगूनच विकल्या. डबाबंद सामन माशातही केवळ मधला देखणा भाग न घेता डोक्या-शेपटीजवळचे मांस वापरले आणि तेही जाहीरपणे सांगितले. आरंभीच्या जाहिरातींचा गाभाच असा होता की माल स्वस्त आहे आणि त्याला कारण आहे. या पद्धतीचे सामर्थ्य समजून घेण्यासारखे आहे. स्वस्त वस्तू पाहताच ग्राहकाच्या मनात पहिली शंका येते ती अशी की यात काही तरी खोट असणार. पाकिटाने ती शंका विचारली जाण्याआधीच तिचे उत्तर दिले, तर ग्राहकाला स्वतःच्या निवडीचा अभिमान वाटू लागतो, कारण आता तो केवळ पैसे वाचवणारा उरत नाही, तर वस्तूचे मर्म कळलेला जाणकार ठरतो. चाहता होण्याची सुरुवात येथेच होते.

महाराष्ट्रातील किराणा मालात अशा कारणांची वाण नाही. बिनपॉलिशची तूरडाळ पॉलिश केलेल्या डाळीशेजारी ठेवली की निस्तेज दिसते, आणि दुकानदार काही बोलला नाही तर ग्राहक तिला जुनी समजतो; परंतु ‘या डाळीला तेल-पाण्याची चकाकी दिलेली नाही, म्हणून ती मंद दिसते’ एवढे एक वाक्य पाकिटाच्या दर्शनी भागावर आले तर तिचे मंद दिसणे हाच तिचा पुरावा ठरतो. काजूतुकडा अखंड काजूपेक्षा बराच स्वस्त असतो, आणि वाटणात किंवा कतलीत काजू वाटलाच जाणार असल्यामुळे तेथे अखंड काजूचा काही उपयोग नसतो. हे पाकिटावर लिहिणारे दुकान ग्राहकाचे पैसे वाचवते आणि त्याचा विश्वास मिळवते. कांदा-लसूण मसाल्याच्या पुड्यावर त्यात कोणती मिरची किती प्रमाणात आहे, ब्याडगी रंगासाठी की संकेश्वरी तिखटपणासाठी, मसाला कोणत्या महिन्यात कुटला, हे स्पष्ट लिहिले तर मोठ्या कंपनीच्या सरसकट ‘चविष्ट’ या विशेषणापेक्षा ते कितीतरी अधिक बोलके ठरते. आकर्षक वेष्टन म्हणजे चकचकीत वेष्टन असा समज रूढ आहे, तो सोडून देण्याची गरज आहे. ग्राहकाला थांबवून वाचायला लावणारे एक खरे वाक्य हा सजावटीचाच भाग आहे, आणि त्याची जागा पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत नसून पुढे, नावाच्या खाली आहे.

दर्जा आधी, चित्र मागाहून

लोब्लॉनेच १९८४ साली ‘प्रेसिडेंट्स चॉइस’ ही दुसरी मालिका काढली. तिचा सूत्रधार डेव्ह निकोल याची भूमिका अशी होती की दुकानाचा माल प्रसिद्ध कंपनीच्या मालाची स्वस्त प्रत नसून त्याहून सरस असावा. या मालिकेतील १९८८ सालच्या चॉकलेट चिप बिस्किटात चॉकलेटचे प्रमाण वजनाच्या जवळजवळ ४० टक्के ठेवले होते आणि खरे लोणी वापरले होते. पाकिटावरचे चित्रही तेच सांगत होते. निकोल ग्राहकांसाठी ‘इन्सायडर्स रिपोर्ट’ नावाचे एक पत्रक काढत असे, ज्यात नव्या जिनसांची हकिगत गप्पांच्या ओघात सांगितलेली असे. कॅलिफोर्नियातील ट्रेडर जोज् या साखळीच्या पत्रकावरून ही कल्पना त्याला सुचली होती. ‘नो नेम’च्याच डॉन वॉटने केलेल्या या मालिकेच्या रचनेत पदार्थाच्या छायाचित्राला मोठे स्थान होते. पुढे अमेरिकेतील वॉलमार्टनेही स्वतःच्या मालिकेसाठी त्याच्याकडूनच काम करून घेतले.

येथे मानसशास्त्रातील एक गोष्ट स्पष्ट करणे उपयुक्त ठरेल. वेष्टन पाहून मनावर उमटलेला ठसा ग्राहक नकळत आतल्या वस्तूवर आरोपित करतो आणि त्याला ती वस्तूच तशी जाणवू लागते. लुई चेस्किन या अमेरिकी संशोधकाने विसाव्या शतकाच्या मध्यास या घटनेला संवेदनांचे संक्रमण या अर्थाचे नाव दिले. जाड, मऊ पोताच्या पिशवीतील चहा अधिक कडक वाटणे किंवा गडद लाल पुड्यातील तिखट अधिक झणझणीत वाटणे ही त्याची रोजची रूपे होत. परंतु हा परिणाम दुधारी आहे. पाकिटाने वाढवलेली अपेक्षा मालाने पुरी केली तर ती चव मनात घर करते. नाही केली तर साध्या पाकिटातील त्याच मालापेक्षा निराशा अधिक होते, आणि दोष एका पुड्यापुरता न राहता त्या नावाच्या प्रत्येक जिनसेवर जातो. कंपनीचे एक बिस्कीट फसले तर ग्राहक ते बिस्कीट सोडतो; दुकानाच्या नावाचा एक पुडा फसला तर तो दुकानाच्या डाळीवर, साबणावर आणि तांदळावरही अविश्वास धरतो. म्हणून जी जिन्नस आधीच नावाजलेली आहे, सुटी असतानाच जिच्यासाठी गिऱ्हाइके येतात, तिच्यापासून दुकानदाराने आरंभ करावा, आणि एकदम पन्नास जिनसा न काढता दोन-तीनच काढाव्यात.

नक्कल का टाळावी

दुकानाची नाममुद्रा असलेल्या मालाला सर्वांत मोठा मोह असतो तो प्रसिद्ध मालासारखे दिसण्याचा. तोच रंग, तसाच गोल, अक्षरांचा तसाच तिरपेपणा घेतला की घाईतले गिऱ्हाईक चुकून किंवा समजून-उमजून तो पुडा उचलते, हे खरे आहे. परंतु असे पाकीट दर वेळी हेच सांगत राहते की खरी वस्तू दुसरी आहे आणि ही तिच्या जागी आलेली आहे; म्हणजे दुकान स्वतःच्या पैशाने दुसऱ्याच्या नावाची जाहिरात करत असते.

कायद्याच्या दृष्टीनेही हा मार्ग धोक्याचा आहे. ब्रिटनमध्ये सेन्सबरी या साखळीने १९९४ साली काढलेल्या कोलाच्या डब्यावर कोका-कोलाने आक्षेप घेतला आणि डब्याची रचना बदलावी लागली. १९९७ साली ॲस्डा साखळीच्या ‘पफिन’ बिस्किटाचे वेष्टन ‘पेंग्विन’ या जुन्या बिस्किटाशी ग्राहकांचा गोंधळ करणारे आहे असा निर्णय तेथील न्यायालयाने दिला. भारतात तर हा प्रश्न त्याआधीच, १९७२ साली, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. पार्ले कंपनीच्या ग्लुको बिस्किटांच्या वेष्टनावर शेतघराच्या अंगणात पाणी घेऊन जाणारी मुलगी, गायी आणि कोंबड्या होत्या. म्हैसूरच्या एका उत्पादकाच्या वेष्टनावरही एक मुलगी, गायी आणि कोंबड्या होत्या, मात्र मुलीच्या डोक्यावर गवताचा भारा होता. तपशिलात फरक असूनही न्यायालयाने निकाल पार्लेच्या बाजूने दिला, कारण ग्राहक दोन वेष्टने शेजारी ठेवून फरक मोजत नाही. तो मनात उरलेल्या ढोबळ आठवणीवरून वस्तू उचलतो. दिल्ली उच्च न्यायालयाने २००३ साली कोलगेट आणि अँकर यांच्यातील वादात दंतमंजनाच्या डब्याच्या लाल-पांढऱ्या रंगसंगतीलाही संरक्षण दिले. रंग, मांडणी, आकार आणि अक्षरवळण मिळून वस्तूचे जे एकूण रूप होते त्याला कायद्याच्या भाषेत ‘ट्रेड ड्रेस’ म्हणतात, आणि ते नोंदणी नसतानाही संरक्षित असू शकते. ‘दोन-चार गोष्टी बदलल्या की झाले’ हा छापखान्यात सर्रास मिळणारा सल्ला म्हणूनच घेऊ नये.

हेच संरक्षण दुकानदाराच्या स्वतःच्या रूपालाही मिळते, म्हणून नाव आणि चिन्ह १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याखाली नोंदवून घ्यावे. नोंदणी १० वर्षांची असते आणि तिचे नूतनीकरण करता येते. आणखी एक बाब अनेकांच्या ध्यानात येत नाही: बाहेरच्या चित्रकाराने मोबदला घेऊन काढलेल्या चित्राचे स्वामित्व केवळ मोबदला दिल्याने दुकानदाराकडे येतेच असे नाही. स्वामित्वहक्काचे हस्तांतर लेखी असावे लागते, आणि त्या लेखात मुदत नमूद नसेल तर ती ५ वर्षांची आणि प्रदेश नमूद नसेल तर तो केवळ भारतापुरता धरला जातो. चित्रकाराशी करार करताना या दोन्ही गोष्टी लिहून घ्याव्यात आणि त्याला त्याचे योग्य मोल द्यावे.

रचना उभी करताना

एकेक पाकीट सुंदर करण्याआधी सगळ्या पाकिटांचे कुटुंब ठरवावे लागते. सेन्सबरीच्या संकल्पन विभागाने १९६२ ते १९७७ या काळात शेकडो जिनसांची जी पाकिटे तयार केली, त्यांत सपाट रंग, साधे भौमितिक आकार आणि मोजकी अक्षरे यांची शिस्त होती, पण प्रत्येक जिनसेला तिचे वेगळेपणही होते. त्या पाकिटांवर आज स्वतंत्र पुस्तक निघाले आहे, इतके त्यांचे आकर्षण टिकले. कुटुंब ठरवणे म्हणजे काय बदलणार नाही हे ठरवणे: दुकानाचे चिन्ह कोणत्या कोपऱ्यात आणि केवढे, जिनसेचे नाव कोणत्या ओळीवर, वजन कोठे, कारण सांगणारे वाक्य कोठे. बदलणारी गोष्ट एकच असावी, बहुधा रंग किंवा चित्र, आणि तिलाही नियम असावा. कडधान्यांना एक रंग, मसाल्यांना दुसरा, उपासाच्या जिनसांना तिसरा, जेणेकरून उपासाची भाजणी शोधणाऱ्याची नजर थालीपीठ भाजणीवर अडखळणार नाही.

हे कुटुंब आणि छपाईचा खर्च यांचा फार जवळचा संबंध आहे. लॅमिनेटच्या पिशव्या मोठ्या प्रमाणावर ग्रॅव्ह्यूर पद्धतीने छापतात. तिच्यात प्रत्येक रंगासाठी एक कोरलेला सिलिंडर लागतो, आणि प्रत्येक नव्या रचनेसाठी सिलिंडरांचा नवा संच करावा लागतो. लहान दुकानदाराने प्रत्येक जिनसेसाठी वेगळी बहुरंगी पिशवी करायची ठरवली तर भांडवल सिलिंडरांत आणि न खपलेल्या पिशव्यांत अडकते. यावरचा उपाय म्हणजे दुकानाचे चिन्ह आणि पार्श्वभूमी असलेली एकच समाईक पिशवी छापून घ्यावी आणि जिनसेची माहिती वेगळ्या लेबलावर द्यावी. लेबले डिजिटल छपाईने थोडी थोडी करून घेता येतात. एकच पिशवी सगळीकडे असल्यामुळे फळीवर सलग ठसाही आपोआप उमटतो, म्हणजे काटकसर आणि सौंदर्य येथे एकाच दिशेने जातात.

अक्षरांच्या बाबतीत मराठी दुकानदाराजवळ असे काही आहे जे देशव्यापी कंपन्यांजवळ क्वचितच असते. कमल शेडगे यांनी घडवलेली नाटकांची शीर्षके किंवा र. कृ. जोशी यांचे सुलेखन पाहिलेल्या समाजात देवनागरी अक्षर हे केवळ माहिती देत नाही, ते स्वभावही दाखवते. तरीही बाजारातील अनेक पाकिटांवर इंग्रजी नाव दिमाखात आणि मराठी नाव कसेबसे बसवलेले दिसते, ही खेदाची गोष्ट आहे. जिनसेचे मराठी नाव, मेतकूट असो की पंढरपुरी डाळं, मुख्य अक्षरांत घ्यावे. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने केलेले ‘मुक्त’ आणि ‘बलू’ यांसारखे टंक विनामूल्य परवान्यावर उपलब्ध आहेत, तेव्हा चांगल्या अक्षरासाठी पैसे नाहीत ही सबब उरत नाही. ल आणि श यांची मराठी वळणे टंकात आहेत ना, हे पाहावे. संगणकावरून छपाईला जाताना जोडाक्षरे फुटणे आणि पहिली वेलांटी चुकीच्या अक्षरावर जाणे हे नेहमी घडते, म्हणून अंतिम नमुना मराठी चांगले वाचणाऱ्या दोन माणसांकडून शब्दशः तपासून घ्यावा. पाकिटावरची एक अशुद्ध ओळ आतल्या मालाची निवडही अशीच झाली असेल काय, असा प्रश्न निर्माण करते.

मात्र सक्तीची माहिती केवळ मराठीत देऊन भागत नाही. वेष्टनबंद मालाविषयीच्या २०११ च्या वैधमापन नियमांनुसार ती देवनागरी लिपीतील हिंदीत किंवा इंग्रजीत असावी लागते. मराठी तिच्या जोडीला देता येते. जिनसेचे सर्वपरिचित नाव, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, एककाची किंमत, उत्पादनाचा महिना व वर्ष, उत्पादक किंवा भरणाऱ्याचे नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क या बाबी लागतातच. खाद्यपदार्थावर याशिवाय घटक, पोषणमाहिती, वापराची अंतिम तारीख, अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक आणि शाकाहारी मालासाठी चौकटीतील हिरवे वर्तुळ, मांसाहारी मालासाठी चौकटीतील तपकिरी त्रिकोण लागतो. माल दुसऱ्याकडून बनवून घेतला असेल तर बनवणारा आणि नाममुद्रेचा मालक हे दोघेही स्पष्ट दिसावे लागतात. ‘नैसर्गिक’, ‘ताजे’, ‘शुद्ध’, ‘पारंपरिक’ या शब्दांच्या वापरावर २०१८ च्या दाव्यांविषयीच्या नियमांनी अटी घातल्या आहेत, तेव्हा हे शब्द शोभेसाठी वापरू नयेत. ही सारी माहिती रचनेच्या शेवटी उरलेल्या जागेत कोंबली की पाकीट विद्रूप होते. तिची जागा पहिल्याच आराखड्यात राखून ठेवावी.

पिशवीला पारदर्शक खिडकी ठेवावी की नाही, हा निर्णय जिनसेवर सोपवावा. डाळ, तांदूळ, शेंगदाणे पाहूनच घेण्याची सवय असलेल्या ग्राहकाला खिडकी विश्वास देते, परंतु हळदीचा रंग उजेडाने उडतो, तेलकट पदार्थ उजेडाने आणि हवेने खवट होतात, म्हणून मसाले, चिवडा, तीळकूट यांना झाकलेले, वास धरून ठेवणारे वेष्टनच हवे. कोणत्या मालाला कोणत्या थरांची पिशवी टिकेल याविषयी शंका असल्यास मुंबईत मुख्यालय असलेल्या भारतीय पॅकेजिंग संस्थेत चाचणीची सोय आहे. १९६६ साली स्थापन झालेल्या या संस्थेचा उपयोग लहान व्यावसायिकांनी कितीतरी अधिक करून घ्यायला हवा.

पाश्चात्त्य पुस्तकांत न आढळणारी एक गोष्ट मराठी स्वयंपाकघरात महत्त्वाची ठरते: येथे बहुतेक जिन्नस घरी येताच डब्यात जाते आणि पाकीट त्याच दिवशी टाकून दिले जाते. जे पाकीट ग्राहकाच्या नजरेसमोर महिनाभर राहायला हवे, ते एका दिवसात नाहीसे होते, आणि महिन्याने मसाला संपला की तो कोणत्या दुकानाचा होता हे आठवत नाही. यासाठी लेबलाचा एक भाग सहज सुटा होऊन डब्यावर चिकटवता येईल असा करावा, त्यावर जिनसेचे नाव, दुकानाचे चिन्ह आणि अंतिम तारीख असावी. लोणचे, तूप, मध यांसाठी घराघरांत पुन्हा वापरली जाईल अशी रुंद तोंडाची बरणी निवडावी, आणि चिन्ह बरणीच्या झाकणावर घ्यावे.

छपाईला देण्यापूर्वी नमुन्याची परीक्षा खऱ्या जागी करावी. संगणकाच्या उजळ पडद्यावर दिसणारे पाकीट आणि ट्यूबलाइटखाली, दोन प्रसिद्ध पुड्यांच्या मधोमध उभे असलेले पाकीट या भिन्न वस्तू आहेत. ज्या दुकानात माल विक्रेत्याच्या पाठीमागच्या फळ्यांवर असतो आणि गिऱ्हाईक गल्ल्यापलीकडून बोट दाखवून मागते, तेथे नाव सात-आठ फुटांवरून वाचता आले पाहिजे. जेथे गिऱ्हाईक स्वतः उचलून घेते, तेथे हातात घेतल्यावरचा पोत आणि मागचा मजकूर यांना महत्त्व येते. नमुना दाखवून ‘कसा वाटतो’ असे विचारू नये, कारण परिचित माणूस ‘छान’ म्हणूनच उत्तर देतो. पाकीट क्षणभर दाखवून बाजूला ठेवावे आणि आत काय होते, कोणाचे होते, किती होते एवढेच विचारावे. उत्तर चुकले तर दोष रचनेचा समजावा.

पाकीट रुळल्यानंतर ते बदलण्याची घाई करू नये. अमेरिकेत पेप्सिको कंपनीने २००९ च्या जानेवारीत ट्रॉपिकाना या संत्र्याच्या रसाचे पाकीट बदलले, संत्र्यात खोचलेली नळी हे जुने चित्र काढून त्या जागी रसाचा पेला आणला, आणि सुमारे दोन महिन्यांत विक्री २० टक्क्यांनी घसरल्यावर जुने पाकीट परत आणावे लागले. रस तोच होता, ग्राहकांना फक्त त्यांची ओळखीची खूण सापडत नव्हती. म्हणून पाकिटात बदल करणे भागच असेल, जसे की नियम बदलले किंवा पिशवीचा प्रकार बदलला, तर चिन्ह आणि मुख्य रंग यांतील किमान एक गोष्ट तशीच ठेवावी, नव्या पाकिटाच्या कोपऱ्यात जुन्या पाकिटाचे लहान चित्र काही महिने छापावे, आणि जुना साठा संपेपर्यंत दोन्ही पाकिटे एकाच फळीवर शेजारी लावावीत.